जाड रेट्रो ब्रश स्क्रिप्ट लावलाय, पण रंगवल्यासारखा दिसत नाही, कारण काय?

प्रश्न असा आलाय की स्केटिंगच्या एका कार्यक्रमाच्या पोस्टरवर इंग्रजीत 'रोलर' हा मुख्य शब्द जाडजूड, जुन्या जाहिरातींसारख्या ब्रश स्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्रशने जोडून लिहिल्यासारख्या फॉन्टमध्ये लावलाय, खाली छाया दिलीये, शेवटच्या अक्षरातून लांब शेपटीपण ओढलीये, तरी ते कुणी हाताने रंगवल्यासारखं न वाटता स्टिकर चिकटवल्यासारखं दिसतंय. मग फॉन्ट चुकला की वापर चुकला, चांगला फॉन्ट ओळखायचा कसा, आणि हेच देवनागरीत करायचं झालं तर काय करायचं.

बरीच वर्षं लेटरिंग आणि टाइप हेच काम करतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. आधी सरळ उत्तर: बहुतेक वेळा फॉन्ट ठीकच असतो, पण तो एकेक अक्षर म्हणून लावलेला असतो, अख्खा शब्द म्हणून नाही. ब्रशने लिहिणारा माणूस कधीच आर, मग ओ, मग एल असा विचार करत नाही, त्याच्या डोक्यात पूर्ण शब्द असतो आणि हात त्या शब्दावरून एकदा फिरतो, कुठे दाबायचं, कुठे उचलायचं, शेवटी किती जागा उरणार हे त्याला आधीच माहीत असतं. फॉन्ट म्हणजे ती हालचाल तुकडे करून डबीत भरून ठेवलेली. तुकडे परत जोडताना हालचाल दिसली पाहिजे, ती तुटली की डोळ्याला लगेच कळतं, भले बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही.

ही अडचण काही आजची नाही. 1930 ते 1950 च्या दशकांतल्या जाहिरातींमध्ये जे जाड तिरके शब्द दिसतात ना, ते बरेचसे फॉन्ट नव्हतेच, लेटरिंग आर्टिस्टने त्या त्या कामासाठी हाताने काढलेले शब्द होते. धातूच्या खिळ्यात, म्हणजे छपाईच्या एकेका अक्षराच्या ठोकळ्यात, तसं करणं अवघड, कारण खिळा चौकोनी, आणि तिरकं अक्षर त्या चौकोनाच्या बाहेर डोकावतं, बाहेर आलेला भाग छपाईत तुटायचा, आणि दोन खिळ्यांमधला जोड शाईखाली फटीसारखा दिसायचा. तरी लोकांनी प्रयत्न केलेच. अमेरिकन टाइप फाउंडर्सने 1942 मध्ये रॉबर्ट स्मिथचा 'ब्रश स्क्रिप्ट' काढला, छोटी अक्षरं एकमेकांना जोडणारा. फ्रान्समध्ये रॉजर एक्सकॉफॉनने 1953 मध्ये 'मिस्ट्रल' केला, तो त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरावरून, आणि 1955 मध्ये 'शॉक', जो खरंच जाड आणि दणकट ब्रशचा आहे. मिस्ट्रल एकदा नीट बघाच, धातूमध्ये इतके मर्यादित खिळे असूनही जोड असे लपवलेत की शब्द वाहता वाटतो.

पुढे फोटोटाइप, म्हणजे फोटोच्या पद्धतीने अक्षरजुळणी, आणि 1961 मध्ये लेट्रासेटची घासून उतरवायची अक्षरं आली, तेव्हा अक्षरावर अक्षर चढवता यायला लागलं, म्हणून साठ-सत्तरच्या दशकातलं जाड स्क्रिप्ट एकदम दाटीचं आणि लांब शेपट्यांचं दिसतं. नंतर सुरुवातीच्या डिजिटल फॉन्टमध्ये एका वेळी 256 अक्षरचिन्हांच्या जागा, म्हणजे प्रत्येक अक्षराचा एकच अवतार, झालं परत मागे. 1996 मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अडोबीने ओपनटाइप हा फॉन्ट फाइलचा नवा प्रकार जाहीर केला, त्यानंतर हळूहळू एका अक्षराचे चार-पाच अवतार आणि शेजारी कोण आहे ते बघून आपोआप बदलणं शक्य झालं. पाब्लो इम्पायारीच्या 2010 च्या 'लॉबस्टर'मध्ये हेच तत्त्व आहे, जोडण्यासाठी अक्षर वाकडं करण्यापेक्षा त्याने जोड्यांचे भरपूर लिगेचर, म्हणजे दोन अक्षरं मिळून एकच आकार, काढले. तो फॉन्ट नंतर इतका वापरला गेला की लोकांना नकोसा झाला, पण काम म्हणून तो चांगलाच आहे.

आता निवडायचा कसा. विकणाऱ्याने नमुन्यात जो शब्द लावलाय तो बघून कधीच ठरवू नका, तो त्या फॉन्टचा सगळ्यात गोंडस शब्द असतो. स्वतःचा शब्द टाइप करा, आणि सोबत मी कायम तीन शब्द टाकतो, इंग्रजीतले 'मिनिमम', 'ब्राउझर' आणि 'बलून'.

मिनिममने लय कळते, त्यात जवळजवळ सगळे उभे दांडेच आहेत, दांड्यांमधल्या पांढऱ्या जागा सारख्या आहेत का ते बघायचं, एखादीकडे जरी भोक पडल्यासारखं दिसलं तर तो फॉन्ट घाईत केलेला आहे.

ब्राउझर ही खरी परीक्षा. स्क्रिप्टमध्ये बहुतेक छोटी अक्षरं खालून, बेसलाइनवरून (अक्षरं ज्या रेषेवर बसतात ती), पुढच्या अक्षराकडे जातात, पण बी, ओ, व्ही, डब्ल्यू ही वरून बाहेर पडतात, आरचंपण बऱ्याच शैलींमध्ये तसंच. म्हणजे ब्राउझरमध्ये बी नंतर आर, आर नंतर ओ, ओ नंतर डब्ल्यू, डब्ल्यू नंतर एस, सगळे अवघड जोड एका रांगेत. चांगल्या फॉन्टमध्ये इथे पुढच्या अक्षराचा वेगळा अवतार येतो, वरून सुरू होणारा. साध्या फॉन्टमध्ये ओ मधून एक बारकी काडी निघते आणि पुढच्या अक्षराला कुठेतरी मध्येच टोचते.

बलूनमध्ये दोन एल आणि दोन ओ. हाताने लिहिलेली दोन शेजारची अक्षरं कधीही हुबेहूब सारखी नसतात, दुसरा एल जरा उंच किंवा जरा बुटका येतोच. फॉन्टमध्ये दोन्ही तंतोतंत सारखे आले की भ्रम संपला. आणि तो फॉन्ट कोरड्या ब्रशचा, म्हणजे कडेला केसांच्या रेघा दिसणारा असेल तर अजूनच वाईट, कारण तीच रेघ, तोच ओरखडा दोन्हीकडे दिसतो. माझं मत विचाराल तर मोठ्या आकारासाठी स्वच्छ कडेचा फॉन्ट घ्यावा आणि कोरडेपणा हवाच असेल तर शब्द पूर्ण झाल्यावर वरून द्यावा, म्हणजे तो शब्दभर वेगवेगळा पडतो.

अजून एक बघायचं, जाडी कुठून आलीये. गोल टोकाच्या ब्रशने जाडी दाबण्यातून येते, खाली येताना दाब, वर जाताना टोकावर, म्हणून स्ट्रोकची सुरुवात गोलसर आणि शेवट निमुळता. चपट्या ब्रशने जाडी ब्रशच्या कोनातून येते, म्हणून टोकं तिरकी कापल्यासारखी. दोन्ही छान, पण एकाच फॉन्टमध्ये एन गोल टोकाचा आणि टी कापलेल्या टोकाचा असेल तर काढणाऱ्याच्या हातात ब्रश कधी आलाच नाही, त्याने नुसते बघून आकार काढलेत. जाड फॉन्टमध्ये ई आणि ए ची पोकळी पण तपासा. जाडी वाढवत नेली की सगळ्यात आधी ईचं डोळ्याएवढं भोक बुजतं, चांगला डिझायनर तिथे स्ट्रोक गुपचूप बारीक करतो आणि तो बारीक केलाय हे कळतही नाही. असे फॉन्ट मी स्क्रीनवर चाळीस पिक्सेलच्या खाली वापरत नाही, छपाईतही साधारण तेवढ्याच पॉइंटच्या खाली नाही.

आता वापर, आणि माझ्या अनुभवात नव्वद टक्के घोळ इथेच असतो.

ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं वाढवलेलं अंतर, शून्य ठेवा. जोडलेल्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक अक्षराची शेपटी पुढच्यावर थोडी चढलेली असते, ट्रॅकिंग दहाने जरी वाढवलं तरी जोड उघडे पडतात. वेबवर तर दुहेरी नुकसान, लेटर-स्पेसिंग शून्य सोडून काहीही दिलं की ऐच्छिक लिगेचर बंद करावेत असं सीएसएसच्या, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या, नियमातच आहे, म्हणजे अंतरही बिघडतं आणि जोडअक्षरंही जातात. वेबवरची दुसरी गोष्ट जी बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही: मोठ्या हेडिंगचा टॅग मुळातच बोल्ड असतो, आणि असे फॉन्ट सहसा एकाच वजनाचे येतात, त्यामुळे ब्राउझर स्वतःच्या मनाने त्याला अजून जाड करतो, कडा फुगवतो, ईची पोकळी बुजते, आणि लोक म्हणतात फॉन्ट खराब आहे. फॉन्ट-वेट नॉर्मल करा आणि फॉन्ट-सिंथेसिस नन करा, फरक लगेच दिसेल.

सगळी मोठी अक्षरं तर लावूच नका. स्क्रिप्टमधलं प्रत्येक कॅपिटल हे शब्दाची सुरुवात म्हणून काढलेलं असतं, त्याला डावीकडे मोकळी जागा हवी असते, सात कॅपिटल शेजारी म्हणजे सात जण एकदम बोलायला उठल्यासारखं होतं. संक्षेप असेल, तारीख असेल, पत्ता असेल तर तो सोबतच्या साध्या फॉन्टमध्ये टाका. सोबतीला एखादा शांत, अरुंद, बिनसेरिफचा, म्हणजे टोकांना छोट्या आडव्या रेघा नसलेला, फॉन्ट कॅपिटलमध्ये थोडा मोकळा लावून पुरतो, दुसरा स्क्रिप्ट नको.

डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्टेक्स्चुअल अल्टरनेट्स, म्हणजे शेजार बघून अक्षराचा अवतार आपोआप बदलणं, चालू आहे का ते आधी बघा, हे एक बटण बंद असल्यामुळे चांगले पैसे देऊन घेतलेला फॉन्ट फुकट जाताना मी कितीदा पाहिलाय. मग ग्लिफ पॅनल, म्हणजे फॉन्टमधल्या सगळ्या आकारांची यादी, उघडा आणि प्रत्येक अक्षराचे अवतार हाताने लावून बघा. इथे वीस मिनिटं द्या, उरलेल्या सगळ्या इफेक्टपेक्षा याच वीस मिनिटांनी जास्त फरक पडतो.

त्यानंतर शब्दाची आउटलाइन करा, म्हणजे टाइप केलेली अक्षरं नुसते आकार होतील, आणि सगळे आकार एकत्र जोडून एक करा. हे मी फार महागात शिकलोय. सुरुवातीच्या काळात एका मोठ्या फलकासाठी फाइल दिली, स्क्रीनवर एकसंध काळा शब्द दिसत होता, पण आतमध्ये प्रत्येक अक्षराचा आकार पुढच्यावर चढलेला तसाच होता. विनाइल कापणाऱ्या प्लॉटरने प्रत्येक आकाराची कड इमानदारीने कापली, म्हणजे प्रत्येक जोडावर दोन-दोन चिरा. अख्खा तुकडा वाया गेला, काम एक दिवस लांबलं, आणि चूक पूर्ण माझी होती. बाहेरून रेघ देताना पण हेच होतं, जोडांच्या आतल्या रेघा दिसायला लागतात. तेव्हापासून फाइल पाठवण्याआधी आउटलाइन व्ह्यूमध्ये बघितल्याशिवाय पाठवत नाही.

आता तो चढता शब्द, डावीकडून उजवीकडे वर जाणारा. रेट्रो लुकचा अर्धा जीव त्यात आहे आणि तिथेच स्टिकरचा वास येतो, कारण बहुतेक जण शब्द नुसता फिरवतात. अक्षरं समजा वीस अंश उजवीकडे झुकलेली आहेत, शब्द आठ अंश फिरवला की ती बारा अंशांवर येतात, म्हणजे शब्द वर चढतोय पण अक्षरं मागे सरकल्यासारखी, वेग गेला. त्याऐवजी शब्द उभ्या दिशेने शिअर करा, म्हणजे न फिरवता उजवी बाजू वर ढकला, म्हणजे बेसलाइन चढेल पण दांड्यांचा झुकाव जवळजवळ तसाच राहील, त्याच आठ अंशांत साधारण एकच अंश कमी होतो. मात्र सात-आठ अंशांपर्यंतच, त्यापुढे ओ कोपऱ्याकडे ओढल्यासारखा दिसतो आणि मग नोड, म्हणजे आकाराच्या कडेवरचे बिंदू, हाताने सुधारावे लागतात.

छायेचं पण गणितच आहे. सॉफ्टवेअर सवयीने छाया उजवीकडे खाली टाकतं. उजवीकडे झुकलेल्या दांड्याला ती जवळजवळ आडवी जाते, म्हणून छाया जाड पडते आणि सगळ्या पोकळ्या भरून टाकते. डावीकडे खाली टाकली तर ती दांड्याच्या बरीचशी दिशेनेच सरकते, म्हणून बारीक आणि सुटसुटीत राहते. त्याच अंतराची छाया, पण दिसायला निम्म्याहूनही कमी जाड. जुने बोर्ड रंगवणारे छाया बऱ्याचदा डावीकडे खाली का टाकायचे ते एकदा दोन्ही करून बघितलं की कळतं. आणि अक्षर आणि छायेच्या मध्ये पार्श्वभूमीच्या रंगाची एक बारीक फट सोडा, त्या फटीने शब्द एकदम वर उचलला जातो.

शेपटीबद्दल एकच सांगतो, ती त्याच ब्रशची वाटली पाहिजे. म्हणजे तिची सगळ्यात जाड जागा अक्षराच्या दांड्यापेक्षा जाड नको, आणि ती कुठल्यातरी अक्षराच्या खऱ्या स्ट्रोकमधून निघाली पाहिजे. फॉन्टसोबत सुट्या शेपट्या मिळतात त्या तशाच शब्दाखाली सरकवल्या की त्या अधांतरी लटकतात.

देवनागरीकडे येतो, कारण इथे इंग्रजीची अक्कल जशीच्या तशी चालत नाही. आपल्याकडे जोड आधीच आहे, शिरोरेघ. त्यामुळे बरेच जण अक्षरं तिरकी करतात, जाड करतात आणि वर सरळ पट्टीने ओढल्यासारखी रेघ ठेवतात, मग खाली ब्रश आणि वर फूटपट्टी असं दिसतं. हाताने ब्रशने लिहिताना शिरोरेघ प्रत्येक अक्षरावर थोडी सुरू होते, दाबली जाते, उचलली जाते, तिच्यात एक लाट असते. फॉन्ट करताना अडचण ही की कुठलंही अक्षर कुठल्याही अक्षराशेजारी येणार, म्हणून शिरोरेघेची दोन्ही टोकं सगळ्या अक्षरांत एकाच उंचीवर आणि एकाच जाडीची हवीत. मी यावर असं करतो की टोकं सारखी ठेवतो आणि लाट अक्षराच्या आत, मधल्या भागात देतो, म्हणजे जोड नीट बसतो आणि रेघ जिवंतही राहते. शिवाय पहिल्या वेलांटीचे रुंदीप्रमाणे चार-पाच अवतार तरी लागतात, नाहीतर 'कि' वर ठीक दिसणारी वेलांटी 'णि' वर दांड्यापर्यंत पोचतच नाही. जोडाक्षरं, रफार, अनुस्वार यांना जाड वजनात जागा पुरत नाही, तिथे प्रत्येकाचा वेगळा विचार करावा लागतो, इंग्रजीची नक्कल करून काम होत नाही.

म्हणून दोन-तीन शब्दच हवे असतील तर देवनागरीत फॉन्ट शोधत बसू नका, शब्द काढा. ब्रश पेनने कागदावर तीस-चाळीस वेळा तोच शब्द लिहा, वेगाने, मग त्यातला एक निवडून स्कॅन करा, त्यावर कमीत कमी नोड ठेवून आकार काढा. शेपटी हवी असेल तर आपल्याकडे छान जागा आहेत, उकाराचा शेवट, र ची खाली येणारी रेघ, किंवा पहिल्या अक्षराआधी डावीकडे ओढलेली शिरोरेघ. शब्दाच्या शेवटी काना असेल तर त्याचं खालचं टोक डावीकडे वळवून शब्दाखाली नेता येतं, पण ते वळण गोल ठेवा, टोकदार केलं की ते वेगळं चिकटवलेलं दिसतं.

लायसन्सचंपण बघून घ्या. 'पॅसिफिको' आणि लॉबस्टर हे सिल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, व्यावसायिक कामात चालतात, फक्त नुसता फॉन्टच विकायला काढता येत नाही. विकत घेतलेल्या फॉन्टचं छपाईचं, वेबचं आणि ॲपचं लायसन्स बऱ्याचदा वेगवेगळं असतं, लोगोची अट काही ठिकाणी अजून वेगळी.

आता तुमचा 'रोलर'. शेवटचा आर वरून बाहेर पडतो, म्हणून त्यातून काढलेली शेपटी आधी वर जाऊन मग खाली वळते आणि ओढूनताणून आणलेली दिसते, तुमच्या पोस्टरवर डोळ्याला खटकतंय ते मुख्यतः हेच. ती शेपटी काढून टाका. त्याऐवजी पहिल्या कॅपिटल आरचा उजवीकडे खाली येणारा पाय लांबवा आणि तोच पूर्ण शब्दाखालून न्या, मधे सगळ्यात जाड, शेवटी निमुळता. कॅपिटल पुढच्या ओला जोडलेलं नसलं तरी चालतं, आणि 'रोलर'मध्ये खाली लोंबणारं एकही अक्षर नाही, त्यामुळे खालची जागा पूर्ण मोकळी आहे. दोनपैकी दुसरा एल ग्लिफ पॅनलमधून बदला, नसेलच दुसरा अवतार तर आउटलाइन करून त्याचा वरचा फास किंचित लहान करा, तीन-चार टक्के पुरेत. ओ मधून एलकडे जाणारी काडी वरूनच एलच्या फासात शिरू द्या, खाली बेसलाइनवर आणू नका. छाया डावीकडे फिरवा. आणि हे सगळं आधी फक्त काळ्या रंगात करा, रंग आणि कागदाचा जुनेपणा वगैरे त्यानंतर.